पाचशे एक, दुसऱ्याच्या नावे

रामनगरात पिठाच्या गिरण्या दोन. बसस्टँडामागच्या गिरणीत दळण लवकर मिळतं. केशरक्काच्या गिरणीत तासभर ताटकळावं लागतं, आणि तरीही रांग तिथंच असते. केशरक्का धान्यासारखीच बातमीही हातात घेऊन बघते, खडे काढते आणि मग बारीक करून देते. सकाळी नाचणी घेऊन गेलेली बाई दुपारी घरी परतते तेव्हा तिला पंचायतीत काय शिजतंय ते पंचायतीच्या सेक्रेटरीच्या आधी कळलेलं असतं.

माहेर खानापूरकडचं, वय पंचावन्नच्या आसपास, भुवयांवर कायम पीठ. नवरा नागू. त्यानं तीस वर्षं बेळगाव ते गोवा ट्रक चालवला आणि घाटातली वळणं संपल्यावर गिरणीत येऊन बसला. पट्टा बदलणं, दगडाला टाकी लावणं ही कामं त्याची. बोलण्याचं खातं पूर्ण बायकोकडं.

केशरक्काला खोड्या काढल्याशिवाय अन्न पचत नसे. एका उन्हाळ्यात तिनं दोन पुरुषांना, अगदी शपथ घालून, सांगितलं होतं की देवळामागच्या हापशाचं पाणी रोज डोक्याला लावलं की पांढरे केस काळे होतात. आठ दिवसांत गल्लीतले सगळे कर्ते पुरुष पहाटे घागरी घेऊन हापशावर उभे. केस कुणाचेच काळे झाले नाहीत, पण महिनाभर बायकांच्या कमरेला विसावा मिळाला. खोडी कुणाची काढायची याचा तिचा एक नियम होता. आपल्यापेक्षा वरच्याची काढायची, खालच्याची नाही. त्यामुळं तिच्यावर चिडणारे बरेच होते, पण तिचं वाईट चिंतणारा कुणी नव्हता.

तिच्या हातात स्मार्टफोन दिला तो नणंदेच्या मुलीनं, शिल्पानं. शिल्पा बेळगावात नोकरीला. दिवाळीला आली तेव्हा तिनं गिरणीच्या भिंतीवर पैसे घ्यायचा क्यूआर चिकटवला आणि जाता जाता फोनमध्ये ‘हातभार’ नावाचं एक अ‍ॅप टाकून दिलं. गावोगावची माणसं त्यावर आपली गरज मांडत. कुठं शाळेला कुंपण, कुठं बचतगटाला मोठी पातेली, कुठं कंदांचे चिप्स करायचं यंत्र. सोबत फोटो, खर्चाचा कागद, पंचायतीचं पत्र. ज्याला पटेल त्यानं पन्नास रुपयांपासून पुढं घालावेत. ठरलेल्या तारखेपर्यंत सगळी रक्कम जमली तर ती गावाला मिळायची, एक रुपया जरी कमी पडला तरी ज्याचे त्याला परत जायचे. पैसे घालताना खाली एक ओळ लिहायची सोय होती. आणखी एक चौकोन होता, ‘कुणाच्या नावे’. कुणी आईच्या नावे घालत, कुणी वारलेल्या वडिलांच्या.

बाकीच्या बायका टीव्हीवर मालिका बघत, केशरक्का हे बघू लागली. शंभर-दीडशे घालायची आणि त्या बदल्यात हजाराचे प्रश्न विचारायची. एका गावानं बसथांब्याला शेड मागितली तर हिनं खाली लिहिलं, “तुमच्याकडं बस थांबती काय? आधी ते सांगा.” खरंच थांबत नव्हती. त्या लोकांनी आधी डेपोत अर्ज दिला, मग पुन्हा शेड मागितली, आणि केशरक्कानं दोनशे घातले.

जानेवारीत बाजारकुणंगकडच्या एका वाडीचा प्रस्ताव आला. वाडी आणि अंगणवाडी यांच्यामध्ये ओढा. दरवर्षी लोक बांबू आणि लाकडं बांधून साकव करत आणि दरवर्षी पहिल्या मोठ्या पुरात तो वाहून जाई. त्यांना लोखंडी साकव हवा होता. मजुरी वाडी करणार, माल तेवढा विकत आणायचा. रक्कम दोन लाख दहा हजार. प्रस्ताव मांडणारी अंगणवाडीची सुमंगला. ती केशरक्काच्या ओळखीची होती, महिन्याला दोनदा दळणाला यायची, आणि ज्या बाईनं आजवर स्वतःसाठी कधी रांग मोडली नाही ती वाडीसाठी मागतेय म्हणजे गरज खरी, हे केशरक्काला माहीत होतं. तिनं पाचशे घातले. तिच्या हिशेबी ही मोठीच रक्कम.

पण मुदतीतले अठरा दिवस गेले तरी निम्मेसुद्धा जमले नव्हते. मग केशरक्का गिरणी नागूवर टाकून बाजारपेठेत हिंडली. किराणावाला, टायरवाला, हॉटेलवाला, सगळ्यांनी चहा पाजला आणि मोबाईलवरच्या फसवणुकीच्या गोष्टी सांगितल्या. वर तिघांनीही जवळजवळ एकच वाक्य ऐकवलं. “ज्या दिवशी म्हाबळेश्वर देईल, त्याच्या दुसऱ्या दिवशी आमी दिऊ.”

सूर्य पश्चिमेला उगवेल तेव्हा, असं म्हणण्याची रामनगरातली ही रीत होती. महाबळेश्वरचं सिमेंट, पाइप आणि लोखंडाचं दुकान. माणूस फसवणारा नव्हे, वजनात कधी काटा मारला नाही, पण हातातून पैसा मात्र सुटत नसे. देवळात आरतीचं ताट फिरू लागलं की त्याचे डोळे भक्तीनं मिटत आणि ताट पुढं सरकलं की उघडत. लग्नपत्रिकेचं पाकीट उसवून आतल्या कोऱ्या बाजूवर तो सळ्यांची वजनं मांडी. तीन वर्षांमागं बायको वारली, मुलगा हुबळीत. तेव्हापासून दुकानात तो, तराजू आणि एक मांजर. मांजरही शेजारच्या हॉटेलात जेवून येई.

घरी येऊन केशरक्का जेवायलाही बसली नाही. फोन काढला, साकवावर पाचशे एक रुपये घातले, ‘कुणाच्या नावे’च्या चौकोनात महाबळेश्वरचं नाव लिहिलं, पुढं ‘रामनगर’ लिहिलं आणि खाली ओळ टाकली, ‘लेकरांच्या पायाखाली लोखंड असावं.’ मग ताटावर बसून दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. नागूनं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि आज कुणाची पाळी आली एवढंच विचारलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्या ओळीचा फोटो रामनगरातल्या प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला. लोक महाबळेश्वरच्या दुकानासमोरून उगाचच जाऊन आले. टायरवाल्यानं विचार केला की हा माणूस पाचशे एक रुपये उगाच घालणार नाही, त्यानं कागद न् कागद तपासला असणार. म्हणजे प्रस्ताव शंभर टक्के खरा. त्यानं दोन हजार घातले. किराणावाल्याला ते कळलं तेव्हा त्यानं अडीच घातले. हॉटेलवाल्याला मागं राहणं परवडणारं नव्हतं. दानशूर माणसाच्या नावानं जे झालं नसतं ते चिकटाच्या नावानं झालं. चार दिवसांत रक्कम दीड लाखाच्या पुढं गेली.

महाबळेश्वर आधी घाबरला. त्यानं बँकेत जाऊन पासबुक भरून आणलं. एक रुपयाही गेला नव्हता. मग तो भेटेल त्याला सांगू लागला की आपण काही घातलेलं नाही. लोकांनी त्याचा अर्थ वेगळा लावला. उजव्या हातानं दिलेलं डाव्याला कळू देत नाही, एवढी वर्षं असंच गुपचूप देत असेल, आपणच ओळखलं नाही. हॉटेलवाल्यानं त्याला पैसे न घेता इडली खायला घातली. बाजारकुणंगहून पाइप न्यायला आलेल्या एका शेतकऱ्यानं कणग कंदांची पिशवी दुकानात आणून ठेवली आणि पाया पडला. त्या दिवसापासून महाबळेश्वरनं नाही म्हणायचं बंद केलं.

पुढच्याच आठवड्यात तो पिठाचा डबा घेऊन गिरणीत आला. बायकांनी त्याला पुढं जाऊ दिलं. त्यानं डबा ठेवला, उपरण्यानं तोंड पुसलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “शेवटी गावासाठी करावं लागतं. पैसा काय, वर न्यायाचा हाय व्हय?”

केशरक्काच्या हातातली चाळण तशीच राहिली. तो गेल्यावर ती नागूवर घसरली. पाचशे एक आपले, कष्ट आपले, आणि इडली हा खाणार. नागू दगडाला टाकी लावत होता. तो मान वर न करता म्हणाला, “झाड तू लावलीस, आंबं त्यो खातोय. राखण बसवली न्हाईस ती तुजी चूक.”

तिला हे फार लागलं. आणि रागाच्या भरात तिनं अशी गोष्ट केली जी तिनं करायला नको होती. त्याच दुपारी आणखी एकशे एक त्याच्या नावे घातले आणि खाली लिहिलं, ‘कमी पडेल तेवढं मी बघून घेतो.’ आता खा म्हणावं इडली.

दोन दिवस ती खुशीत होती. लोक महाबळेश्वरला विचारत, किती घालणार शेट, आणि तो घशात काही अडकल्यासारखा खोकून आत जाई. तिसऱ्या दिवशी तिनं फोन उघडला तर रक्कम होती तिथंच. चौथ्या दिवशीही तिथंच. एक लाख ऐंशी हजाराच्या थोडं वर जाऊन काटा थांबला होता. का, ते तिला गिरणीतल्या रांगेतच कळलं. एक बाई दुसरीला सांगत होती की आपण आता कशाला घालायचे, शेटनी लिहून दिलंय, उरलेलं तेच भरणार.

मुदतीला तीन दिवस राहिले होते. तीस हजाराला थोडेच कमी, एवढे उरले होते. ते न जमले तर टायरवाल्याचे टायरवाल्याला, तिचे तिला, आणि ओढा पुन्हा बांबूंना. केशरक्कानं आजवर शेकडो खोड्या काढल्या, पण त्यातल्या एकीचाही फटका दुबळ्याला बसला नव्हता. या वेळी बसणार होता.

त्यातच सुमंगला वाडीतल्या चार बायकांना घेऊन बसमधून उतरली. दळण नव्हतं बरोबर. हातात हार होता, शाल होती आणि केळीच्या पानात बांधलेलं काहीतरी होतं. शेटना भेटायला निघालो, म्हणाली. आक्का, तुम्हीपण चला. केशरक्कानं त्यांना गिरणीत बसवलं, नागूला चहा करायला सांगितलं आणि मी पुढं होऊन शेट दुकानात आहेत का बघते, असं सांगून पीठ भरल्या लुगड्यानिशी निघाली. पाचशे पावलांचा रस्ता, पण तिला तो घाटासारखा चढला.

महाबळेश्वर काउंटरवर बसून खिळे वेगळे करत होता. तिनं प्रस्तावना केली नाही.

“अण्णा, ते पैसे मी घातल्यात तुमच्या नावानं. दोनीबी वेळा.”

“ठाव हाय,” तो म्हणाला आणि खिळे वेगळे करत राहिला.

तिला वाटलं ऐकू आलं नसावं. तिनं पुन्हा सांगितलं. तेव्हा त्यानं काउंटरखालून आपला पिठाचा डबा काढून तिच्यासमोर ठेवला. डब्यावर खडूनं तिच्याच अक्षरात त्याचं नाव होतं.

“वीस वरसं झाली, माझ्या डब्यावर तू ‘म्हाबळेश्वर’ लिवतीस. माझ्या जन्माच्या दाखल्यावर महाबळेश्वर हाय, दुकानाच्या पाटीवर हाय, आक्ख्या तालुक्यात म्हाबळेश्वर लिवणारं माणूस एकच. मोबाईलवरबी तसंच लिवलीस.”

केशरक्का दारातल्या सिमेंटच्या पोत्यावर बसली. मग बोलला का नाहीत, असं तिनं विचारलं. डबा खाली ठेवताना, तिच्याकडं न बघता तो म्हणाला, “लोकं याय लागली दुकानात. काय घ्याचं नसलं तरी. घटकाभर बसाय लागली.”

केशरक्कानं पदरानं भुवयांवरचं पीठ पुसलं. मग तिनं सुमंगलाचं सांगितलं, हाराचं सांगितलं, काटा कसा थांबलाय ते सांगितलं. चूक माझी आहे, आत्ता बायकांसमोर कबूल करते, पण साकव बुडू देऊ नका, एवढं म्हणाली. तिचा आवाज बसला होता. महाबळेश्वरनं तो तसा कधी ऐकला नव्हता, आणि त्याला तो बहुतेक आवडला नसावा, कारण तो उठून कपाटाकडं गेला.

“रोख मागू नको,” तो म्हणाला. “रोख माझ्या हातातनं सुटत न्हाई. मी काय करावं, हात तसला हाय.”

कपाटातून त्यानं एक फाइल काढली. साकवाच्या लोखंडाचं कोटेशन सुमंगलानं त्याच्याच दुकानातून नेलं होतं, तालुक्याच्या या टोकाला दुसरं दुकानच नव्हतं. त्यानं चष्मा लावला, नवा कागद घेतला, प्रत्येक ओळीसमोर खरेदीचा भाव लिहिला आणि खाली बेरीज केली. नवा आकडा जुन्यापेक्षा एकतीस हजारांनी कमी होता. केशरक्कानं कागद हातात घेऊन दोनदा वाचला. तिचा गेलेला आवाज एकदम परत आला.

“म्हंजे आदीच्या कागदात एकतीस हजार तुमचा नफा हुता, अण्णा?”

“लोखंड गंजतंय, केशर. ते पडून ऱ्हातंय. त्याचं बी बगाय लागतंय,” तो म्हणाला आणि कागदावर शिक्का मारला.

हार घालताना सुमंगलाचे डोळे भरून आले होते. केशरक्कानं ठरवल्याप्रमाणं सगळ्यांसमोर कबुली द्यायला तोंड उघडलं, तर महाबळेश्वरनं तिला हातानं गप्प केलं आणि बायकांना सांगितलं की केशरनं येऊन भाव पाडून घेतला, तिला धन्यवाद द्या. केळीच्या पानात पातोळ्या होत्या. त्यातली एक त्यानं केशरक्काला दिली. बाकीच्या दिल्या नाहीत.

शिल्पाला फोन लावून विचारलं, तर माल स्वस्त मिळाला असेल आणि तसा कागद जोडला तर मागितलेली रक्कम एकदा कमी करता येते, असं कळलं. सुमंगलानं गिरणीत बसूनच नव्या कोटेशनचा फोटो चढवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मंजुरी आली, आकडा खाली आला आणि जमलेली रक्कम त्याच्या वर जाऊन बसली. प्रस्ताव पूर्ण, असं हिरव्या अक्षरात दिसू लागलं. केशरक्कानं फोन नागूपुढं धरला. नागूनं चष्म्याशिवायच बघितलं आणि बरं झालं म्हणाला.

पण तो फोन तसाच धरून खाली बघत होता. “हे तू कवा लिवलीस?” त्यानं विचारलं.

प्रस्ताव पूर्ण होण्याच्या तासभर आधी कुणीतरी शेवटचे पन्नास रुपये घातले होते. अ‍ॅपमध्ये त्याहून कमी घालताच येत नसत. नाव होतं ‘केशर, पिठाची गिरण, रामनगर’. खाली ओळ होती, ‘साकव उभा होईपर्यंत या वाडीचं दळण फुकट.’

ती तडक दुकानात गेली. महाबळेश्वर शेजारच्या हॉटेलवाल्याच्या पोरीकडून नुकतंच अ‍ॅप टाकून घेऊन बसला होता. हातातून पन्नास रुपये सुटले कसे, असं तिनं विचारलं. तो म्हणाला, मोबाईलमधून जाताना दिसत नाहीत, म्हणून दुखत नाहीत. ही सोय आधी कुणी सांगितली नाही मला.

सोमवारी बाजारकुणंगच्या बसमधून सतरा बायका उतरल्या. कुणाच्या डोक्यावर नाचणी, कुणाच्या तांदूळ, एकीनं तर शेजारणीच्या शेजारणीचीही उडीदडाळ आणली होती. केशरक्कानं सगळ्यांची नावं डब्यांवर लिहिली आणि मशीन सुरू केलं. नाही म्हणता आलं असतं, ती ओळ आपण लिहिली नाही असं सांगता आलं असतं. पण महाबळेश्वरनंही तसंच सांगितलं होतं आणि लोकांनी काय केलं ते तिनं बघितलं होतं. दोन महिने ती त्या वाडीचं दळत राहिली. विजेचं बिल आलं तेव्हा नागूनं ते मुकाट्यानं खिळ्याला अडकवलं. एकदा तर ती स्वतःच सुमंगलाला विचारती झाली की काम एवढं हळू का चाललंय, वेल्डिंगवाला मेला की काय.

एप्रिलच्या शेवटी साकव उभा राहिला. वाडीनं जेवण केलं होतं. नागू, केशरक्का आणि महाबळेश्वर एकाच बसनं गेले. ओढा तेव्हा गुडघाभरसुद्धा नव्हता, चालत पार करता आला असता, पण सगळे रांगेनं साकवावरूनच गेले. म्हाताऱ्या दोनदोनदा गेल्या. अंगणवाडीतली पोरं पत्र्यावर पाय आपटून आवाज काढत होती आणि सुमंगला त्यांना ओरडत नव्हती. महाबळेश्वर मात्र मध्येच वाकून नट हातानं फिरवून बघत होता. मागची रांग खोळंबली. एक नट ढिला सापडला तेव्हा त्याचा चेहरा असा उजळला की जणू सत्कार आत्ता झाला. वेल्डिंगवाल्याकडून पाना मागवून त्यानं तो स्वतः आवळला आणि मगच पलीकडं गेला.

परतीच्या बसमध्ये नागू खिडकीला डोकं टेकून झोपला. महाबळेश्वरनं फोन काढून केशरक्कापुढं धरला. गणेशगुडीकडच्या एका बचतगटाला भाताचं मळणीयंत्र हवं होतं.

“कागद बगितलीस? मोटारीचा भाव लई लावल्यात,” तो म्हणाला.

केशरक्कानं फोन घेतला, आकडे वाचले, आणि दोघं पुढचा सगळा रस्ता त्या मोटारीवर भांडत आले.